दक्षिणेकडची घळ

४ ऑक्टोबर

पोचले एकदाची. शिझुओकाहून निघालेल्या बसनं इतकी वळणं घेतली की सकाळचं खाल्लेलं कुशिनो गावापर्यंत पोटात टिकतंय की नाही, याचीच धाकधूक होती. पण उतरले आणि समोर बंदर, काठ्यांवर वाळत घातलेली मासळी, ऊन, खारा वारा. जीव हरखला. दोन वर्षं नोकरीसाठी वणवण केली, शेवटी कॉलेजातल्या सेगावा सरांनीच त्यांच्या समुद्रजीवांच्या संशोधनात ही जागा मिळवून दिली. मुलाखतीत त्यांनी घरी कोण कोण असतं ते विचारलं. आईवडील गेले, भावंडं नाहीत म्हटल्यावर बिचारे किती हळवे झाले.

राहायला इवासे तांडेलांच्या घराची वरची खोली आहे, संशोधनाची होडीही तेच चालवतात. त्यांच्या बायकोनं, हामाकोकाकूंनी, मला दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या की शहरात खायला देत नाहीत वाटतं, ही तर नुसती सुकट आहे. मग मिसोच्या, आंबवलेल्या सोयाबीनच्या, कढणात शिजवलेला मासा असा काही वाढला की मी लाज सोडून तीनदा भात घेतला.

माझ्याआधी या जागेवर युकिनो होती, माझी कॉलेजपासूनची जिवलग. वसंतात सगळं टाकून होक्काइडोला गेली म्हणे, लग्न करून. मला एका शब्दानं कळवलं नाही. कळवलं असतं तर मी काय तिचा नवरा पळवणार होते? जाऊ दे. आज चिडायचं नाही.

१३ ऑक्टोबर

काम मनासारखं आहे. इथल्या समुद्राच्या तळाशी दोन घळी आहेत, एक उत्तरेला, एक दक्षिणेला, मध्ये उंच कणा. दोन्हींत गुसोकु राहतात. कोळंबी-खेकड्यांचेच भाऊबंद, पंजाएवढे, अंगावर चिलखत आणि चौदा पाय. कोळंबीची पिल्लं प्रवाहात वाहत कुठल्या कुठे जातात. यांची मादी मात्र पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवते आणि बाहेर पडली की ती तिथंच चालू लागतात. कण्यावरचं पाणी त्यांना सोसवत नाही इतकं कोमट, म्हणून तो कुणी ओलांडत नाही. हजारो वर्षं दोन घळींत रोटी-बेटी व्यवहार नाही. पायाचा तुकडा द्या, तपासून कुठल्या घळीचा ते सांगते. हे ऐकून तांडेल पोट धरून हसले. म्हणाले, आमच्या गावात माणसाचा बाप कोण ते कळायची मारामार, आणि ही पोरगी किड्यांची कुळं काढतेय.

तांडेल पिंजरे फक्त उत्तरेला टाकतात. दक्षिणेला काही नाही, दोर तुटतात, आपण तिकडे फिरकतसुद्धा नाही म्हणाले. सरांच्या शीतपेटीत मात्र दक्षिणेचे खच्चून नमुने आहेत. त्यांचा वंश विचित्र आहे. मोजक्या माद्यांची लेकरं, आणि अलीकडे एकदम भसाभसा वाढलेली. वर्षानुवर्षं उपाशी राहू शकणारा हा जीव, वरून मोठं खाणं पडलं तरच असा वाढतो. सरांना फोनवर विचारलं. देवमासा मरून पडला असेल म्हणाले. नमुने जुने आहेत म्हणाले.

२९ ऑक्टोबर

आज पाऊस आणि गार वारा. काकूंनी एक रबरी कोट काढून दिला. युकिनो विसरून गेली, वाया कशाला घालवायचा म्हणाल्या. कोट घासूनपुसून ठेवलेला होता, बाही शिवलेली. घातला तर काखेत काहीतरी टोचलं. अस्तर उसवलं. आत वाळलेली गुसोकुची पिल्लं, तांदळाएवढी, शेकड्यांनी. कुठल्यातरी मादीनं कोटाच्या आतच पिशवी रिकामी केली होती. अस्तर आतल्या बाजूनं कुरतडलेलं.

कोट होडीवर राहिला असता तर असं झालं नसतं. हा कोट तळाशी पडून होता, मग कुठल्यातरी पिंजऱ्याबरोबर वर आला.

३० ऑक्टोबर

पिल्लं तपासली. दक्षिणेची आहेत. पुन्हा तपासली. दक्षिणेचीच.

म्हणजे तांडेल खोटं बोलले. युकिनो लग्न करून कुठंही गेलेली नाही. आणि मी इतके महिने तिला शिव्या घालत बसले. खूप रडले.

सरांना फोन केला. सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले की कुणाजवळ बोलू नकोस, पोलिसांशी मी बोलतो, कोट कुठं ठेवलायस? गादीखाली, म्हटलं. तू शहाणी मुलगी आहेस, मी येतोच, म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून जीव भांड्यात पडला.

३१ ऑक्टोबर

गादीखाली कोट नाही. खोलीत काकूंशिवाय कुणी येत नाही.

काकूंनी मला हसून चहा दिला. मी प्यायले नाही.

१ नोव्हेंबर

सर आले. तांडेल घरात नव्हते. सर म्हणाले, रस्त्यावर त्यांची माणसं असतील, आपण होडीनं पलीकडच्या बंदरात जाऊ, पोलीस तिथं थांबलेत. काकूंनी मला डबा बांधून दिला. लाल चवळीचा भात, शुभकार्याला करतात तो. माझ्याकडे बघेनात. डबा तसाच फळीवर ठेवून सरांमागे धावले.

होडीच्या खोलीत आहे. सुटले. पलीकडे पोचेपर्यंत लिहीत बसलेय.

सर वर गेले. बाहेरून कडी लावल्याचा आवाज आला —

फटीतून पाहिलं. सुकाणूवर इवासे तांडेल.

सर दाराशी बसून बोलतायत. आवाज तोच, वर्गातला. उत्तरेची घळ उपाशी, दक्षिणेची आपण खाऊ घातलेली. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय अन्नानं वंश कसा बदलतो ते दाखवता येत नाही. तांडेलला मासळी हवी, मला नमुने. शोधनिबंधात तुझं नाव घालीन, म्हणाले. युकिनोचंही घातलंय.

मीच का, विचारलं. तूच सांगितलंस ना, घरी कुणी नाही —

मी या माणसाला बाप मानलं होतं.

इंजिन बंद. दक्षिणेला आलो असणार.

तांडेल वरून विचारतायत. समुद्रात सापडलेल्या मढ्याला होडीत घेताना इथले कोळी विचारतात तेच — भरपूर मासळी देशील का? मढ्याच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी हो म्हणायचं असतं, मग जाळी भरतात म्हणे.

माझं नाव घेऊन विचारतायत. मित्सुए, देशील का —

नाही म्हणाले. ओरडून म्हणाले. मी जिवंत आहे, मी नाही म्हणते —

पुन्हा विचारलं. सरांनी घसा साफ केला, वर्गात शिरताना करतात तसा. माझ्या वतीनं ते