सारवलेला उतार

३ मे
व्हीआरएसचं सार्थक झालं. हरसूलजवळच्या आपल्या दहा गुंठे उतारावर पंधरा केशर आंबे लावायचे ठरवले. उज्वलाला तसा शब्द दिला. आयुष्य भाड्याच्या घरांत आणि फ्लॅटमध्ये गेलं, एक झाड तरी स्वतःचं हवं, असं ती कधीची म्हणते. पण वर, आधी बाल्कनीतली तुळस जगवा, असंही म्हणाली. दुर्लक्ष केलं.

१० मे, दुपारी १
मोबाइलवर उतार मोजला. बावीस अंश. बेस्ट, पाणी तुंबणार नाही. फक्त जमिनीला भेगा फार. हात कोपरापर्यंत आत जातो. पावसाचं सगळं पाणी त्यात गडप होणार! खालच्या भातखाचराचा मालक भिमाजी म्हणाला, ऱ्हाऊ द्या साहेब, तेवढंच पानी जमिनीच्या पोटात जाईल, तुम्ही आडवे दगड लावा. दगडांनी व्ह्यू जातो. यांना सायन्स कोण शिकवणार?

१८ मे
उपाय सापडला. शेणमाती कालवून भेगा बुजवल्या आणि अख्खा उतार सारवून घेतला. चार बाया, तीन दिवस. भिमाजीच्या बायकोने, चांगुणाबाईने विचारलं, कोनाचं लगीन हाय का. फोटो स्टेटसला ठेवला.

२४ मे
टेस्ट. वरून बादलीभर पाणी ओतलं. दहा सेकंदांत तळाला. थेंबही मुरला नाही, म्हणजे थेंबही वाया गेला नाही. प्रयोग यशस्वी. भिमाजी टोपीआड हसत होता. जळतो.

८ जून
पंधरा रोपं लावली. भोवती पुन्हा सारवलं. कंबर गेली.

२७ जून
तीन दिवस धो धो. नाशिकमध्येच आहे. काळजी नाही.

२९ जून
शेतावर. सारवण पापडासारखं निघालंय. गुडघाभर खोल ओघळ. रोपं दोन. बाकीची खोल रुजली असावीत. पण रुजायला मातीच दिसत नाही, बऱ्याच ठिकाणी खडक. ती सगळी भिमाजीच्या खाचरात उतरलीय. माती माझी आहे, परत मागणार. उज्वलाला अजून सांगितलं नाही.

२ जुलै
उज्वलाला घेऊन गेलो. भांडायची पूर्ण तयारी होती. भिमाजीची भाताची रोपं माझ्या गाळाखाली मेलेली. आता पेठहून मेव्हण्याकडून आणणार म्हणाला. आवाज चढवला नाही. माती परत मागायचं राहूनच गेलं. चांगुणाबाई गाळातून आमचे आंबे उपटून त्यांच्या बांधावर लावत होती. सहा जगलेत. उज्वला चपला काढून चिखलात उतरली आणि तिला म्हणाली, बाई, यातलं एक माझं म्हणून ठेवाल? ती म्हणाली, ठेवते की, येत जा बघायला.

लाज वाटली. खूप वाटली. मी काय करू, असं उज्वलाला विचारलं. ती म्हणाली, सपाट जागा बघून गप्प बसा.

बसलो.