बसवून वाढलेलं

माय, कापसाच्या जिनाचा भोंगा व्हायच्या आधी तू माझी वेणी घालायचीस. चुलीपाशी, कारण पहाटे उजेड तेवढाच असायचा. मला दोन गुडघ्यांमध्ये दाबून धरायचीस आणि करडईच्या तेलाची बोटं अशी ओढून फिरवायचीस की माझ्या भुवया वर जायच्या. मी चुळबुळले की म्हणायचीस, "हालू नको वं. तुह्यापेक्षा कापसातला कचरा बरा, वेचला का निंगते तरी." दिवसभर जिनात कापूस साफ करून तुझी नखं पांढरी झालेली असायची. धाकटी तोवर उठून बसायची आणि रात्रीची उरलेली अर्धी भाकर मीठ-तेलाशी खायची. माझी भाकर त्या हिवाळ्यापासून नव्हतीच. शाळेत गरीब मुलींसाठी दुपारचं जेवण सुरू झालं होतं, मक्याचा पिवळा सांजा आणि पावडरचं दूध. शेजारणींना तू मोठ्या तोऱ्यात सांगायचीस, "मोठीचं शाळेत होते."

माय, मोठीचं शाळेत होत नव्हतं.

बाबा गेल्यावर सिस्टरांनी माझी फी माफ केली आणि मला त्यांच्या शाळेत घेतलं. आपली वस्ती आणि ती शाळा यांच्यामध्ये फक्त एक नाला होता, पण तो ओलांडायला मला दर सकाळी धीर गोळा करावा लागायचा. जेवण सुरू झालं तेव्हा मोठ्या सिस्टर वही घेऊन वर्गात आल्या. त्या दक्षिणेकडच्या, त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं सरळ. त्यांनी एकेकीला विचारलं, "घरी दुपारचे जेवण मिळते का?" मी उभी राहून म्हणाले, "हो सिस्टर, पोटभर." माझं नाव यादीत आलं नाही. आणि संध्याकाळी तू विचारलंस, "जेवली का वं शाळेत?" तेव्हाही मी म्हणाले, "जेवली."

असं का केलं ते तुला तेव्हा अर्धंच सांगितलं. त्याच वर्षी तू पांढरं लुगडं नेसून नागपूरला गेली होतीस. परत आलीस, देव्हारा उतरवलास, आणि आम्हा दोघींना समोर बसवून म्हणालीस, "आता कोनाच्या दारात भाकर मांगाले जायचं नाई. वरून टाकलेलं घ्यायचं नाई. उपाशी राहू, पन घेऊ नाई." मला ते लगेच समजलं, असं मला वाटलं. तुझ्या माहेरी, अल्लीपूरला, मी आजीला पाटलाच्या दाराबाहेर पदर पसरून उभं राहिलेलं पाहिलं होतं. घरातली बाई हात उंच धरून वरून भाकर सोडायची, पदराला पदर लागू नये म्हणून. एकदा भाकर मातीत पडली आणि आजीने ती झटकून घेतली. शाळेतल्या फुकटच्या ताटाचं नाव निघालं तेव्हा मला तीच भाकर दिसली. तुझा शब्द पाळते आहे, असंच मला वाटत होतं. बाकीच्या मुली लिंबाखाली आपापले डबे उघडून बसायच्या आणि यादीतल्या मुली व्हरांड्यात ताट घेऊन, ही लाजही होती. पण ती नंतरची.

दुपारच्या सुट्टीत मी नळावर पोटभर पाणी प्यायची आणि चॅपेलमध्ये जाऊन बसायची. सांज्याचा वास तिथपर्यंत पोचत नसे. सिस्टरांना वाटलं, या पोरीला प्रार्थनेची ओढ आहे. त्यांनी मला सोनेरी कडेचं एक चित्र बक्षीस दिलं. ते मी घरी आणलं तेव्हा तू बराच वेळ उलटसुलट करून पाहिलंस आणि म्हणालीस, "कागद चांगला हाय. ठेव. पन पाया नको पडू." दीड-दोन महिने असे गेले. वर्गात अक्षरं कधीकधी हलायची. मी बाक घट्ट धरून ठेवायची.

मग एक दिवस जिनाचा पट्टा तुटला आणि तुम्हा बायांना दुपारीच सोडून दिलं. तू वाटेतल्या शेतातून हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून घेतलीस, फडक्यात बांधलीस, आणि शाळेत आलीस. आपल्या लेकीला जेवू घालतात म्हणून सिस्टरांना द्यायला.

मी चॅपेलच्या दारातून पाहते आहे. तू व्हरांड्याच्या पायरीखाली उभी आहेस, केसांत कापसाचे तंतू आहेत. मोठ्या सिस्टर ऐकून घेतात आणि म्हणतात, "पण बाई, तुमची मुलगी इकडे जेवत नाही. ती सांगते, घरी जेवण आहे." तुझ्या हातात फडकं तसंच पुढे धरलेलं. मग तुझी नजर फिरत फिरत माझ्यावर येते. आता मार बसणार म्हणून मी डोळे मिटते. उघडते तेव्हा तू माझ्याकडे पाहतच नाहीस. तू ओळीकडे पाहते आहेस. पट्टीवर बसलेल्या मुली, आणि प्रत्येकीपुढे वाकून वाढणारी स्वयंपाकीणबाई. ती शेवटच्या मुलीपर्यंत पोचेस्तोवर तू पाहत राहिलीस. मग नळावर हातपाय धुतलेस, मला दंडाला धरून आणलंस आणि ओळीच्या टोकाला मला घेऊन बसलीस.

"दोन ताटं वाढा जी."

स्वयंपाकीणबाईने पळी कमरेला लावली. "तुले कोन्या वर्गात घातलं वं बाई?"

"पह्यलीत," तू म्हणालीस. "अक्षर येत नाई मले. भूक येते."

पोरी खिदळल्या. मोठ्या सिस्टरही हसल्या. त्यांनी तिच्या हातून पळी घेतली, त्यांचा पांढरा झगा जमिनीला टेकला, आणि वाकून त्यांनी आधी तुला वाढलं, मग मला. "मीठ कमी हाय," तू माझ्या कानात म्हणालीस आणि ताट पुसून घेतलंस. मला तुझा राग आला होता. तरी मी दोनदा मागून घेतलं.

परतताना नाल्याच्या मधोमध तू थांबलीस. "काऊन नाई खाल्लं?"

"तूच म्हन्लं होतं, कोनाचं घ्यायचं नाई."

"मी काय म्हन्लं? वरून टाकलेलं घेऊ नको म्हन्लं. थे वाकून वाढून राह्यली होती, तुले दिसलं नाई? बसवून वाढते त्याच्या पंगतीत बसाव. अन् शिकली का तूही वाढजो. वाकून वाढजो." मग ओला हात कपाळावर मारून घेतलास. "अन् मी लोकाइले सांगत फिरली, मोठीचं शाळेत होते."

दुसऱ्या दिवशी माझं नाव यादीत गेलं. इथवरचं सगळं तुला माहीत आहे. पुढचं सांगण्यासाठी लिहायला बसले.

मी शाळेत जेवायला लागल्यावर साताठ दिवसांनी, संध्याकाळी तू भाकरी थापल्यास, दोघींना वाढल्यास आणि नेहमीसारखं म्हणालीस, "माहं जिनात झालं. सोबतीनीनं वांग्याची भाजी आनली होती." आदल्या दिवशी मुगाची डाळ होती. त्याच्या आदल्या दिवशी बेसन. माय, त्या दोन महिन्यांत तू विचारायचीस तेव्हा मीही असंच सांगायची, आज सांज्यात गूळ होता, आज दूध घट्ट होतं. आणि आता खरंच जेवत होते, तर काय जेवले ते सांगायचं मला सुचतसुद्धा नव्हतं. घास तोंडात असताना हे माझ्या ध्यानात आलं. तू उपाशी होतीस, आणि ते मला कळलं होतं. मी मान खाली घातली आणि भाकर संपवली. दुसऱ्या दिवशीही. तो सगळा हिवाळा. विचारलं असतं तर तू माझ्या वाट्यातून तुकडा मोडून घेतला असतास. म्हणून विचारलं नाही.

शिक्षिका झाले, पुढे बरीच वर्षं शाळेत स्वतः वाढलं, वाकून वाढलं. आता पाठ वाकत नाही. मुलाला सांगून ठेवलंय, माझ्यामागे कुणाला काय द्यायचं ते. शिलाई मशीन धाकटीच्या मुलीला. पुस्तकांचं कपाट मागच्या गल्लीतल्या शाळेला, किल्लीसकट, म्हणजे पोरी उघडतील. माझी वेताची खुर्ची त्याच शाळेत खिचडी करणाऱ्या बाईला, ती दिवसभर चुलीपाशी उभी असते. दोन लोकरी शाली सुनेला, तिला आवडेल ती तिने ठेवावी आणि दुसरी तिच्या आईला द्यावी.

हे पत्र मात्र कुणाला नको. धाकटी अजून नातवंडांना सांगते, आमची माय जिनातच जेवून यायची, तिथल्या बाया फार चांगल्या होत्या. तिला तसंच सांगू दे.