क्लेमचा गुडघा

९ एप्रिल १९९६, मंगळवार

एकशे एकोणऐंशी डोंगर!! थॉर्न फेल चढून झाला एकदाचा — म्हणजे दुसऱ्यांदा झाला. चार वर्षांपूर्वीच झाला होता, पण आमच्याकडे हरिश्चंद्राचा अवतार आहे ना! गेल्या आठवड्यात क्लेम जुने फोटो बघत बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की धुक्यात आम्ही ज्या दगडांच्या राशीला टेकून सँडविचं खाल्ली ती शिखरावरची रास नव्हतीच. शिखर आणखी शंभर पावलं पुढे होतं. मी म्हटलं, "शंभर पावलांनी काय आभाळ कोसळतंय? कोण बघायला येतंय?" तर म्हणे, "मला माहीत झालं ना, मेव्हिस." आणि फडताळाच्या दारावरच्या आमच्या एकशे ऐंशी डोंगरांच्या यादीतली लाल खूण खोडून टाकली. खोडरबर घेऊन!

बेचाळीस वर्षं या माणसाबरोबर काढली, एकदाही खोटं बोलताना सापडला नाही. माझी हिरवी टोपी ध्यान दिसते, हेसुद्धा तोंडावर सांगतो.

म्हणून आज पुन्हा गेलो. खऱ्या राशीच्या वरच्या दगडावर दोघांनी हात ठेवला, तेव्हा कुठे खूण परत आली. आता उरला एकच, रोवन पाइक. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसतो. ताटातला आवडता घास शेवटी खावा तसा तीस वर्षं राखून ठेवलाय.

चढताना क्लेम दोन-तीनदा थांबला. म्हणे गुडघा धरलाय.

२३ एप्रिल

मंगळवारच्या डोंगरभटक्या मंडळींबरोबर तळ्याकाठून चक्कर. सपाट वाट, तिथे गुडघा मुकाट. थोडा चढ आला की लगेच — "थांब गं मेव्ह, जरा गुडघा." त्यांतली थोरा पुढून ओरडली, "काय हो क्लेम, तुमची यादी होईपर्यंत शेवटच्या डोंगरावरच्या केकला बुरशी येईल!" तिची यादी नऊ वर्षांपूर्वीच पुरी झाली. हे ती दर मंगळवारी सांगते, न चुकता.

२१ मे

शंभर पावलं झाली की थांबतो. दगडावर बसतो, गुडघा चोळतो, मला शेजारी बसवतो, खिशातून पुदिन्याची वडी काढून देतो. मग निवांत गप्पा. ते पाखरू कुठलं, त्या मेंढ्या कुणाच्या, एकोणसाठ साली तू ओढ्यात कशी पडलीस. मलाही तेवढीच उसंत. या वाटा पूर्वी एवढ्या उभ्या नव्हत्या बाई. की माझाच कोट जड झालाय?

२२ मे

काल डावा गुडघा चोळत होता. आज जिना चढताना उजवा! विचारलं तर म्हणे, "दुखणं फिरतं गं."

फिरतं म्हणे!

११ जून

डॉक्टरांचं नाव काढलं की विषय बदलतो. आज हट्टच धरला. "एकदा गुडघा दाखवून ये." त्यावर काय म्हणावं? "तू येतेस का दाखवायला?" मला काय धाड भरलीये? मी शेवटची दवाखान्यात गेले तेव्हा आमच्या रूथचा जन्म झाला होता. तिथला वाससुद्धा मला सोसत नाही, आणि त्याला हे पक्कं माहीत आहे. "मग राहू दे," म्हणाला, आणि टोमॅटोच्या रोपांना पाणी घालायला गेला. दोन बादल्या भरून. लंगडलाही नाही!

भांडले त्याच्याशी. मग रात्रीच्या जेवणाला त्याच्या आवडीचा मटणाचा स्ट्यू केला. राग फार वेळ धरताच येत नाही मला, काय करू.

३ ऑगस्ट

रोवन पाइकचा दिवस ठरला. चौदा सप्टेंबर, शनिवार. यादीतला शेवटचा डोंगर, म्हणून रिवाजाप्रमाणे मंडळी केक घेऊन आधी वर जाऊन थांबतील, आम्ही दोघं मागून जायचं. आज फळांचा केक भाजला. आता सहा आठवडे दर रविवारी चमचा-चमचा ब्रँडी पाजायची. क्लेम म्हणाला, "मलाही पाज, गुडघ्यासाठी." लबाड!

माझी एकच इच्छा आहे. त्याच्या गुडघ्याने एवढा एक दिवस साथ द्यावी. पुढच्या वर्षीचं कोणी पाहिलंय? तो चौऱ्याहत्तरचा, मी बहात्तरची. यादी अपुरी राहिली तर हा माणूस तोंडाने चकार शब्द काढणार नाही, पण रोज चहा पिताना खिडकीतून त्या डोंगराकडे बघत बसेल. आणि ते मला बघवणार नाही.

१ सप्टेंबर

जिन्यात मध्येच बसले होते. बूट घालायला म्हणून. क्लेमने विचारलं, "चपला घालून बूट शोधतेस?" मी म्हटलं, तुला काय करायचंय!

१३ सप्टेंबर

केक कागदात गुंडाळला. वर्तमानपत्रात पाऊस लिहिलाय, पण क्लेम म्हणतो मेंढ्या वर चढल्यात, म्हणजे उद्या उघाड. त्याचा मेंढ्यांवर जास्त विश्वास.

१४ सप्टेंबर, शनिवार

झालं नाही.

मेंढ्यांचं खरं ठरलं, लख्ख ऊन होतं. थोरा, तिचा नवरा नॉरिस आणि बाकीचे आठला निघाले, आम्ही नऊला. नेचे पिवळे पडायला लागलेत. खालच्या फाटकापाशी क्लेम थांबला, ओढ्यापाशी थांबला, मग पन्नास-पन्नास पावलांवर थांबायला लागला. माझ्या मनात आपलं एकच — टिक रे बाबा, आज टिक.

वरच्या दगडी भिंतीपाशी पोचलो तर मंडळी दिसायला लागली. थोराने टेबलावरचं कापड काठीला बांधून निशाण केलं होतं. दोनशे पावलंसुद्धा नसतील! वारा असा होता की माझ्या तोंडातून शब्द फुटेना. क्लेमने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खाली बसला आणि म्हणाला, "गेला गं गुडघा. आता नाही जमायचं. खाली जाऊ."

दम खाऊन मी म्हटलं, "माझ्या खांद्यावर हात टाक. नाहीतर रांगत जाऊ! दोनशे पावलं रे!"

"नाही मेव्ह."

"मग तू नॉरिसला धरून जा, मी इथे बसते."

"तुझ्याशिवाय त्या दगडाला हात लावू? चल, काहीतरीच."

शेवटी मंडळीच खाली आली केक घेऊन. थोरा पहिल्यांदाच आपल्या यादीबद्दल काही बोलली नाही. मला म्हणाली, "ओठ निळे पडलेत गं तुझे," आणि स्वतःची शाल माझ्यावर टाकली. वाराच तसा होता. भिंतीच्या आडोशाला बसून केक आणि चीज खाल्लं. नॉरिस म्हणाला, "पुढच्या वर्षी रे, क्लेम." क्लेम म्हणाला, "केक फक्कड झालाय हं."

त्याच्या डोळ्यांत टिपूस नाही. मीच रडले, आणि ते सगळ्यांसमोर! तीस वर्षं राखून ठेवलेला घास एका गुडघ्यापायी गेला.

१५ सप्टेंबर

यादीसमोरून जाताना मान खाली घालते. तो शीळ वाजवतोय.

२४ सप्टेंबर

आज आपणहून म्हणाला, "गुडघा दाखवून यावा म्हणतो. पण तू बरोबर चल. मला एकट्याला धीर होत नाही." लगेच हो म्हटलं! वास येवो नाहीतर काही येवो. तोच फोन करून वेळ घेणार आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

दवाखान्यात आत गेलो. नवी डॉक्टरीण, तरुण पोरगी. मीच सुरुवात केली — यांचा गुडघा एप्रिलपासून, चढावर फार, कधी डावा कधी उजवा. तिने कागद उलटसुलट केले. म्हणाली, "गुडघा? कोणाचा गुडघा? वेळ तर तुमच्या नावाने घेतलीय, मिसेस डॉसन. एप्रिलपासून चढावर तुम्हाला धाप लागते म्हणून."

मी क्लेमकडे बघितलं. तो आपल्या टोपीकडे बघत होता.

तिने माझी छाती तपासली, आणि आता उद्याच कार्लाइलच्या इस्पितळात हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचंय. वेळेवर आलात, म्हणाली. बाहेर पाऊस लागला होता. क्लेम म्हणाला, "तू इथेच थांब, मी गाडी आणतो," आणि दवाखान्याच्या पायऱ्या दोन-दोन उतरत पळत गेला.