आईचा अर्धा शब्द

दादा,

तू येईपर्यंत शेजारच्या काकू आईजवळ बसल्यात, आलास की त्यांना मोकळं कर. पोटातल्या नळीतून दूध दिलंय, लगेच पलंगाची उशाकडची बाजू खाली करू नकोस. श्वासाचं मशीन ओरडलं तर आधी नळी बघ, मशीनला थोपटत बसू नकोस.

काल मैत्रिणीचा फोन आला, सगळ्याजणी समुद्रावर चालल्यात. मी आईसमोरच "जमणार नाही" म्हटलं. लगेच तिनं अक्षरांच्या पाटीकडे डोळे वळवले. मी बोट फिरवलं. ‘ज’वर तिची पापणी मिटली, मग कान्यावर. आणि थांबली. ‘जा’... पुढे काय? मला चैन पडेना. जाड पांघरूण? जास्त उकडतंय? जाऊबाई आठवल्या? सगळ्याला नाही! तिचे कष्ट वाचावेत म्हणून आपण तिचे शब्द पुरे करतो ना, तीच खोड नडली.

सकाळी तिची वेणी घालताना डोक्यात प्रकाश पडला. शब्द पुराच होता. पण मला कसा सुचणार? बोलत होती तेव्हा मी ‘जाते’ म्हटलं की उंबऱ्यातून परत बोलावून ‘येते म्हण’ म्हणायची ही बाई! "आई, मला जा म्हणतेस?" विचारलं, तर पापणी मिटली आणि ओठाचा कोपरा हलला.

म्हणून उद्यापर्यंत तू आहेस. पुढचं अक्षर तिलाच दाखवू दे.

निघताना तिचा डोळा लागला होता, सांगायचं राहिलं. उठली की माझ्या वतीनं एवढंच म्हण: येते.