सहा फुटांचा परस

आसेगाव
१२ एप्रिल १९७८

प्रिय उदयसिंग,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र चुलीत घातलं नसशील, तर वाच. आता याचा काय नवा डाव, असं तुझ्या मनात येईलच. मीही तुझ्याबद्दल हेच म्हणत होतो. मुंबईच्या त्या संस्थेत आपण दोघंच वऱ्हाडातले, एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर पिठलं शिजवलं, तरीही.

विहिरींच्या पाहणीचे आकडे आले ते परसात, म्हणजे गावाकडच्या माणूसभर खोलीच्या मापात. त्यांचे फूट करणारा छोटा प्रोग्राम तू लिहिलास. इंझोरीकडे फिरून, माणसाला हात वर करून उभं केलंस, मापलंस आणि परस साडेसात फुटांचा धरलास. संस्थेच्या कॉम्प्युटर मशीनमध्ये प्रत्येकाला आपला एक खण आणि सगळ्यांचं मिळून एक कपाट. तुझा प्रोग्राम कपाटात गेला, म्हणजे ज्याला लागेल त्याचं काम सुरू झालं की मशीनच तो नावावरून शोधून आणेल. इंझोरीचे आकडे तू चालवलेस, आसेगावचे मी, आणि त्यावरून नव्या विहिरींची खोली ठरली.

इंझोरीला तुझ्या तांड्याजवळ सांगितल्या खोलीवर पाणी लागलं. आमच्या बौद्धवस्तीच्या विहिरीला अठ्ठेचाळीस फूट सांगितले होते. पन्नास खोदले, कोरडा खडक. मंजुरी तेवढीच, काम बंद. माझ्या बापानं, ग्यानबानं, मजुरांबरोबर स्वतः माती ओढली होती. बाया अजून दीड मैलावरून पाणी आणतात.

आसेगावचे तेच आकडे पुन्हा चालवले. तू चालवलेस की साठ फूट, मी चालवले की अठ्ठेचाळीस. माझं डोकंच फिरलं. मी बसायच्या आधी हा कपाटातलं काहीतरी बदलतो, अशी खात्रीच झाली. तू उशिरा आलास तरी संशय, लवकर आलास तरी संशय. चहा पाजलास तर म्हटलं, काहून बरं एवढं प्रेम? तुझी वही चाळली, तुझ्या कागदांच्या टोपलीतले चिठोरे जुळवले. काही सापडलं नाही, तर वाटलं, फारच हुशार चोर आहे. आपल्या तांड्याले खरं माप आणि आमच्या वस्तीले खोटं! शेवटी साहेबांकडे लेखी तक्रार दिली. तू एवढंच म्हणालास, “देवमन, कपाट काय पाह्यतं? तुह्या खणात पाह्य.” मला वाटलं, उलटा माझ्यावरच आळ घेतोय. चार दिवसांत तुला काढलं.

गेल्या महिन्यात खण साफ करायला घेतला आणि त्याच नावाचा प्रोग्राम माझ्याच खणात निघाला. तुझ्याआधी मीच घाईत लिहिलेला, मग साफ विसरलेला. त्यात परस सहा फुटांचा, बापाच्या उंचीवरून. हात वर करायचे असतात, हे मला सुचलंच नव्हतं. मशीनची रीत अशी की ते आधी चालवणाऱ्याच्या खणात शोधतं, तिथं नसेल तरच कपाटाकडे जातं. पहिलं जे हाती लागेल ते घेतं. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, विचारत नाही. तुझा खण रिकामा म्हणून तुला कपाटातलं मिळालं. मला माझंच मिळत राहिलं. लाज वाटते रे, फार लाज वाटते.

साहेबांना सगळं लिहून दिलंय. रजा घेऊन गावी आलो, वस्तीतही सांगितलं.

काल मंगरूळच्या बाजारात तुमच्या तांड्याचा लखीराम भेटला. उदयसिंगनं मुंबईत सरकारी कागद चोरले म्हणून हाकलला, असं तिथं बोलतात म्हणे, आणि हेमलाच्या बापानं तिची तुझ्याशी ठरलेली सोयरीक मोडायची ठरवलीये. बापाला सांगितलं, तर तो म्हणाला, “मंग अजून इथं काहून बसला?” म्हणून हे पत्र. रविवारी सकाळी मी तांड्यावर येतोय. तांड्याच्या नायकासमोर, तुझ्या आईसमोर, हेमलाच्या बापासमोर उभा राहून चूक माझी होती हे सांगणार. मला माफ कर, असं म्हणत नाही. फक्त त्या दिवशी घरी थांब. तक्रार तुझ्या पाठीमागे केली होती. हे तुझ्यासमोर बोलायचं आहे.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
देवमन