कणकेचे दोन गोळे

चाचा, तुमच्या डब्यातला अँटेना चालला नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं गोड गोड लिहीन आणि मुद्द्याची गोष्ट राहून जाईल. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. यवतमाळचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आवरताना तुमच्या मुलानं बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाला, "अब्बा बोले थे, हे त्या भडकू पोराले द्या." मी तो गावी आणला, फळीवर ठेवला आणि सहा वर्षं उघडला नाही. गेल्या आठवड्यात उघडला, तोही तुमची आठवण आली म्हणून नाही, अडलो होतो म्हणून.

यंदा कापसाची काय दशा आहे ते तुम्ही पाहायला नाही तेच बरं. बोंडात अळी निघाली, निम्म्या बोंडांचा कापूस पिवळा. जो काही निघाला तो भाव अजून उतरायच्या आत विकावा म्हणून फुलसावंगीच्या जिनिंगसमोर गाड्यांची रांग पार रस्त्यावर. तिथे वजनकाट्याची केबिन एका टोकाला आणि ऑफिस दुसऱ्या टोकाला, मधे सगळं मोकळं आवार. काट्यावरून ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत एक वायर जमिनीतून नेलेली. दर दोन दिवसांनी एखाद्या ट्रॅक्टरचं चाक ती तोडायचं. मग वजन चिठ्ठीवर लिहून हातोहात न्यायचं. परवा एक म्हातारा म्हणाला, "काट्यापासून इथवर येता येता माही चिठ्ठी बारीक झाली." लोक हसले, आणि लगेच कोणीतरी मुनिमाची कॉलर धरली. शेठ वैतागले. काट्याच्या केबिनमध्ये वाय-फायचं यंत्र होतंच. ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरला ते पकडता आलं की वायरच नको. हे करून देणारा माणूस कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिनं माझं नाव घेतलं.

ती म्हणजे तीच, चाचा. तांड्यावरची, आमच्या वर्गातली, जी आपल्या बाचा रेडिओ घेऊन तुमच्या दुकानात आली होती. आता त्या जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. नाव दिल्यावर तिनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "कॉलेज अर्ध्यात सोडलं. मोबाईलच्या दुकानातलं काम सोडलं. कुरियरचं सोडलं. हे एक पुरं कर आन् मंग बाले भेटाले ये. नाही झालं तर येऊ नको. मी वाट पाहत बसणार नाही." ती असं बोलते तेव्हा आवाज चढवत नाही. त्याचंच भ्या वाटते.

मी काय केलं? तुम्ही ओळखलं असेल. कॉम्प्युटर उघडून न पाहता त्यात बसवायचं वाय-फायचं कार्ड मागवलं. चार दिवसांनी आलं. घेऊन गेलो, कॉम्प्युटर उघडला, तर तो आडवा, चपटा प्रकार. कार्डाची मागची पट्टी उंच, आणि त्या कॉम्प्युटरची खाच तिच्या निम्म्या उंचीची. शेठ खुर्चीत बसून पाहून राह्यले होते. माझ्या कानशिलातून गरम वाफ निघाली. पट्टी वाकवून बसवतो म्हणून पक्कड उचलली. तिनं नुसतं पाहिलं. मी पक्कड खाली ठेवली, चाचा. हे पहिल्यांदा झालं.

मग शहाण्यासारखा बसलो. आतल्या खाचा मोजल्या. एक लांब खाच, ती आधीच भरलेली. तिच्याशेजारी एक बोटभर लांबीची, ती रिकामी. त्याच छोट्या खाचेत बसणारं, बुटकी पट्टी असलेलं, आणि शेठच्या त्या जुन्यापुराण्या विंडोजवर चालेल असं कार्ड शोधलं. तिन्ही गोष्टी जुळल्यावरच मागवलं. ते बसलं. पण मागे त्याला बोटाएवढे दोन अँटेना, आणि कॉम्प्युटर लोखंडी टेबलाखाली, पाठ पत्र्याच्या भिंतीला. पडद्यावर सिग्नलची एक कांडी यायची आणि जायची. एकदा जोडलं की दोन मिनिटांत तुटायचं. तुम्ही म्हणायचे, "लोखंडाआड अँटेना म्हणजे गोधडीत तोंड घालून बोलणारा माणूस. तो ओरडते, आपल्याले ऐकू येत नाही." अँटेना खिडकीत न्यायला हवा होता, लांब वायरीवर. आणि तेव्हा मला तुमचा डबा आठवला. खेड्यांत बिनवायरचे फोन आले होते तेव्हा तुम्ही लोकांच्या टिनाच्या छपरांवर चढून अँटेने बसवायचे. त्यातलाच एक डब्यात होता. चांगली दहा-बारा फूट वायर, खाली लोहचुंबकाचं बूड. तोंडाला पितळी आटे, कार्डाच्या आट्यांसारखेच. मला वाटलं, चाचांनी मरताना माझ्यासाठीच ठेवला. डोळे भरून आले. आणि डोळे भरले की मी काही पाहत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

लावायला गेलो. दीड-दोन आटे बसले आणि अडला. फिरवला, अडला. मी पुन्हा पक्कड घेतली. या खेपेला खाली ठेवणार नव्हतो. तुमची वस्तू, बसलीच पाहिजे, अशी जिद्द. बाहेर रांगेतले लोक खिडकीतून डोकावत होते. एक जण म्हणाला, "इंजेक्शन देऊन राह्यला का गा?" मी जोर लावणार तेवढ्यात ती म्हणाली, "काहून जोर लावतं? तुह्या चाचानं काय शिकवलं होतं?"

मी म्हटलं, "काय?"

"कणीक."

चाचा, त्या दिवशी ती रेडिओ घेऊन दुकानात उभी होती. मी प्रॅक्टिकलच्या सरांच्या टेबलावर फाईल फेकून कॉलेज सोडून आलो त्याला आठवडा झाला होता. तुम्ही म्हणाला होता, "जा, माफी माग. तुझ्या हातात अक्कल आहे बेटा, डोक्यात फटाके." मी गेलो नाही, तरी तुम्ही दुकानात बसू दिलं. त्या दिवशी तुम्ही आतून भाभींकडून घट्ट कणकेचा गोळा मागवला, रेडिओची बत्ती, म्हणजे वीज, काढली, आणि चार्जर जिथे घुसतो त्या भोकावर गोळा दाबून ठसा घेतला. नागपूरच्या बाजारात जाताना असे ठसे पोळीच्या डब्यात घालून न्यायची तुमची पद्धत. मी मोठ्यानं हसलो. "चाचा, लोक आता मोबाईलमध्ये फोटो काढतात. तुम्ही पोळ्या लाटता." तुम्ही रागावला नाहीत. गोळा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणालात, "फोटो बाहेरचा येते. आत सुई आहे की भोक, हे कणीक सांगते. हस, पण पहले देख." मी पाहिलं नाही. मी तिच्याकडे पाहत होतो.

ती उठून जिनिंगच्या कँटीनमध्ये गेली. तिथल्या काकूंनी आधी नकार दिला, मग म्हणाल्या, "कॉम्प्युटरले पोळी चारता का आता?" आणि लिंबाएवढे दोन गोळे दिले. मी बत्ती काढली, कार्ड बाहेर घेतलं, गोळ्यांना कोरडं पीठ लावलं. एक कार्डाच्या तोंडावर दाबला, एक तुमच्या अँटेन्याच्या तोंडात. दोन्ही उचलून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींच्या मधोमध बारीक खड्डा. म्हणजे कार्डात सुई, आणि तुमच्या अँटेन्यातही सुई. सुईसमोर सुई. पक्कड फिरवली असती तर कार्ड गेलं असतं, शेठनी मला हाकललं असतं आणि तिच्या बाचं दार कायमचं बंद. मी पक्कड लांब सरकवली. पीठ लागलेली बोटं तिनं ओढणीला पुसली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या यष्टीनं यवतमाळला गेलो. दोन्ही गोळे स्टीलच्या डब्यात घालून एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरलो. दुकानदारानं झाकण उघडलं आणि नोकराला हाक मारली, "अबे, हे पाह्य, याचा नाश्ता." सगळे हसले. मी भांडलो नाही, चाचा. हे लिहून ठेवतो, मी भांडलो नाही. म्हटलं, "यातल्या खड्ड्याच्या जागी भोक असलेला अँटेना द्या. आटे असेच. वाय-फायचाच पाहिजे, फोनचा नको. वायर लांब, बुडाशी चुंबक." तो हसायचा थांबला. आतून दोन आणले, आणि आपणहून तोंड उलटं करून आतलं भोक दाखवलं.

दुपारी तो बसला. अडला नाही, बोटांनीच शेवटपर्यंत गेला. खिडकीच्या गजाला चिकटवला, काट्याच्या केबिनकडे तोंड करून. पडद्यावर कांड्या भरल्या आणि भरलेल्याच राहिल्या. तिकडे गाडी काट्यावर चढली, इकडे आकडा उमटला. चिठ्ठीवाला तो म्हातारा खिडकीशी आला, पडद्यावर बोट ठेवून आपला आकडा वाचला आणि म्हणाला, "बरोबर." शेठ उठून आले, अँटेन्याला हात लावून पाहिला. मला विचारलं, "कुठं शिकला रे हे?"

मी म्हणालो, "कॉलेजात."

ती टाईप करत होती, तिची बोटं थांबली. शेठ गेल्यावर म्हणाली, "काम झालं. बाले सांगू का, पुरं झालं म्हणून?" मी म्हटलं, नको, थोडं राहिलं आहे. ती म्हणाली, "मले माहीत आहे काय राहिलं ते." आणि पुन्हा टाईप करू लागली.

उद्या काटा उघडायच्या आधी शेठकडे जाणार आहे. तुमचं दुकान कुठं होतं, तुम्ही कोण होता, कणीक कशी दाबायची, सगळं सांगणार. हसले तर हसू दे. तिथून सरळ तांड्यावर जाईन. हा कागद तुमच्या डब्यात, त्या न बसलेल्या अँटेन्याखाली ठेवतो, दुसरीकडे कुठे पाठवणार? फक्त एक सांगायचं राहिलं. तुमचं नाव घ्यायची मला लाज वाटली नव्हती, चाचा. कणकेची वाटली होती.