सुंदुसची सोयरीक

प्रिय हूरिया वहिनी,

फोन दादाच्या खिशात असतो, आणि हे आधी तू वाचायला हवंस, म्हणून कागद घेतला. तुमच्या गावच्या बाजाराला निघालेल्या शेजारणीकडे देतेय.

इकडे ज्वारी आत्ताशी निसवलीय, कणसांत दाणे भरायचेत, आणि घरातलं पीठ संपत आलंय. सुंदुसचे बाबा हुदैदाच्या बंदरावर हमालीला गेलेत. सुंदुसला आठवा महिना लागला. तुझा हिशाम आता घरभर रांगत असेल. ही नुसती मान सावरते. मधे मला ताप आला, त्यात माझं दूध आटलं ते आटलंच. डब्याचं दूध आपल्या आवाक्यातलं नाही. मग चहात भाकर कुस्करून भरवत राहिले, इथे सगळ्याच भरवतात. दवाखान्यातली नर्सबाई केवढी ओरडली! "अगं, चहाने पोट फुगतं, अंग नाही धरत!" तिने दंडाला पट्टी गुंडाळली, ती लाल खुणेवर थांबली, म्हणजे पोर फारच खंगलीय. शेंगदाण्याच्या गोड लगद्याची पाकिटं दिली. ती खाऊन पोरगी हसायला लागली होती गं. आता पाकिटं संपलीत, आणि खालचा रस्ता तुटल्यापासून दवाखान्याची गाडीच येत नाही.

सासूबाई म्हणतात, "पोटावर तापली सळई टेकवा, माझी सगळी मुलं अशीच जगली." माझ्या तोंडून निघून गेलं, "सगळी कुठे जगली, आई?" त्या बराच वेळ सुंदुसच्या तळपायांना तिळाचं तेल चोळत बसल्या. मला फार वाईट वाटलं, पण सळई मी लावू देणार नाही.

आपण दोघी पोटुशा होतो, तंदूरला भाकऱ्या लावत होतो, तेव्हा तू म्हणाली होतीस, "मला मुलगा आणि तुला मुलगी झाली, तर ती माझी सून. शेंबडी चालेल, पण तुझ्यासारखी भाकऱ्या जाळणारी नको हं!" सुंदुस झाली आणि दादा स्वतः चालत आला. मधे शेताच्या वाटणीवरून धरलेला अबोला त्याने त्या दिवशी सोडला, चारचौघांत फातिहा पढून सोयरीक पक्की केली. मला माहेर परत मिळालं. त्या दिवशी मी किती रडले, तू पाहिलंस.

वहिनी, आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. तू अजून हिशामला पाजतेस. माझ्या सुंदुसलाही पाज. घोट-दोन घोट नाही, ती सावरेपर्यंत तुझ्यापाशी ठेवून पाज. तुझं दूध प्यायली की ती हिशामची बहीण होईल, आणि बहिणीशी निकाह होत नाही, हे का मला कळत नाही? दादा संतापेल. चारचौघांत दिलेला शब्द बहिणीनेच मोडला म्हणेल, पुन्हा दार लावून घेईल. लावू दे. सून व्हायला आधी ती जगायला हवी ना! तुला सून हवी होती, मी तुला मुलगी देतेय. शुक्रवारी उजाडताच तिला पाठीशी बांधून निघते. दादाला काय सांगायचं ते तू ठरव, फक्त मला दारातून परत पाठवू नकोस. बोट ओठांशी नेलं की ती अजून चोखते गं.

तुझीच,
नजीबा